आज लॉकची बारी कोणाची?

मी आयुष्यभर परवानगी विकली. भांडी विकली असती, साड्या विकल्या असत्या, तर लोकांनी निदान माल हातात घेऊन पाहिला असता. आमच्या अमरावती-अकोल्याकडचा माणूस वस्तू उलटीपालटी करून, टिचकी मारून, 'याच्यात एवढं हाय तरी काय?' असं विचारल्याशिवाय खिशाला हात लावत नाही. मी त्याच्यापुढे ठेवत असे एक चकती आणि एक कागद. चकतीची किंमत दोन चहांची, आणि मी मागायची हजारोंनी. बहुतेक जण चकती उलटी करून तिच्यात स्वतःचा चेहरा पाहत, भांग नीट करत आणि परत देत.

मी प्रेसवाल्यांना मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर विकत असे. कंपनी पुण्याची, एजन्सी माझी, दोन्ही जिल्ह्यांची. दोन हजार सालाच्या आगेमागे खिळे जुळवणारे कंपोझिटर म्हातारे झाले होते आणि लग्नपत्रिका, शाळेच्या नोटिसा, बारशाची आमंत्रणं सगळं कॉम्प्युटरवर येऊ लागलं होतं. खांद्याला पिशवी अडकवून मी एसटीनं हिंडायची. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, अचलपूर. कंडक्टर लोकांना वाटे मी पोलिओच्या डोसवाली आहे. एकानं तर दोन लेकरं समोर आणून उभी केली होती.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावून सांगणं अवघड नाही, पटवून देणं अवघड. कॉम्प्युटर म्हणजे नुसतं यंत्र. त्याला काय आणि कसं करायचं हे सांगणाऱ्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. त्या कोणीतरी वर्षानुवर्षं डोकं खाजवून लिहिलेल्या असतात. तुम्ही पैसे देता तेव्हा त्या सूचना तुमच्या होत नाहीत. तुम्हाला त्या वापरायची परवानगी मिळते, म्हणजे लायसन. कुणी वापरायचं, किती यंत्रांवर, दुसऱ्याला द्यायचं की नाही, या सगळ्या अटी एका लांबलचक कागदावर बारीक इंग्रजीत छापलेल्या असतात. तो कागद मी नऊ वर्षं लोकांना दिला. मी स्वतः तो वाचला होता का, हे पुढे येईलच.

माझे खरे वैरी म्हणजे 'टाकून देणारे'. आमच्याकडे सॉफ्टवेअर कोणी विकत घेत नसे, टाकून घेत असे. "म्याडम, आमच्या साळ्याचा दोस्त फुकट टाकून देते. तुमी एवढ्याचं काऊन सांगून राहिल्या?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की झोपेतही उत्तर दिलं असतं.

अकोल्याला एक बियाण्याचे दुकानदार होते. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी प्रेस टाकला होता. त्यांना समजावताना मला वाटलं, यांच्याच भाषेत बोलावं. म्हटलं, "शेठजी, तुम्ही कपाशीचं हायब्रीड बियाणं विकता. शेतकरी पुढच्या वर्षी त्याच्याच सरकीचं बी पेरू शकतो का? दर वर्षी नवीन पाकीट घ्यावं लागतं ना? तसंच आहे हे." मला वाटलं, काय दाखला दिला! शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात चार-पाच शेतकरी उभे होते. त्या वर्षांत कपाशीनं लागोपाठ दगा दिला होता. त्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "म्हंजे बाई, तुमीबी त्याईच्यातल्याच." त्या दिवसानंतर मी तो दाखला पुन्हा कधी दिला नाही.

दुसरा नमुना परतवाड्याच्या बाजूचा, एक संत्रा बागायतदार. गावकीच्या वर्तमानपत्रासाठी त्यांनी माझ्याकडून रीतसर सॉफ्टवेअर घेतलं होतं. सहा महिन्यांनी मशीन बिघडलं, पुन्हा बसवायला मी गेले आणि मूळ सीडी मागितली. ते मला बागेत घेऊन गेले. झाडाला दोऱ्यानं लटकवलेली माझी सीडी उन्हात चकाकत गरगर फिरत होती. "पाखरं लय भेतात म्याडम हिले," ते कौतुकानं म्हणाले. मशीनवर त्यांनी कधीचीच भाच्याकडची फुकट प्रत टाकून घेतली होती. परवान्याची सीडी पाखरं हाकलत होती आणि चोरीची ऑफिसात बसली होती. मी सीडी मागितली तर म्हणाले, "संत्रा उतरू द्या, मंग घेऊन जा."

अशा लोकांवर उपाय म्हणून कंपनीनं लॉक काढलं. लॉक म्हणजे कुलूप नव्हे, अंगठ्याएवढा प्लास्टिकचा ठोकळा. त्याला एका तोंडाला बारीक पिना. कॉम्प्युटरच्या मागे जिथे प्रिंटरची वायर लागते तिथे तो खोचायचा. तो असला तर सॉफ्टवेअर उघडणार, नाही तर पडद्यावर चौकट येणार : 'लॉक सापडत नाही.' सीडीच्या कितीही नकला काढा, लॉकची नक्कल निघत नाही. कंपनीला वाटलं, आता चोर सापडले. कंपनीनं वऱ्हाड पाहिलं नव्हतं.

आता अजीजभाई आणि गुलाबराव.

अचलपूर आणि परतवाडा ही जुळी गावं. एकाची वस्ती कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते हे फक्त नगरपालिकेला माहीत. अजीजभाईंचा प्रेस अचलपुरात, वडिलांपासूनचा. मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही भाषांतल्या पत्रिका छापायचे. उर्दू मजकूर ते स्वतः बोरूनं लिहीत आणि म्हणत, "म्याडम, या हाताले कोनाचं लॉक लागत नाई." गुलाबरावांचा प्रेस परतवाड्यात. ते फुलमाळ्याच्या घरातले. धाकटे भाऊ बबनराव फुलांचा मळा बघत आणि घरोघरी पूजेच्या पुड्यांचा रतीब घालत. हे दोघे प्रेसवाले एकदा एकत्र माझ्याकडे अमरावतीला आले आणि म्हणाले, "दोघांत एक द्या."

मला वाटलं, दोघांची भागीदारी आहे. त्या दोन्ही जिल्ह्यांत स्वतःहून परवाना मागायला आलेली ही पहिली माणसं. आनंदाच्या भरात मी नोंदणीचा फॉर्म भरला. परवानाधारकाचं नाव : अजीजभाई व गुलाबराव. गाव : अचलपूर.

दोन महिन्यांनी मला कळलं की प्रेस दोन, मशीनं दोन, लॉक एक. सामाईक विहिरीवर भावाभावांत पाण्याची बारी असते ना, आज याचं ओलित, उद्या त्याचं, तशी यांनी लॉकची बारी लावली होती. एक दिवस अचलपूर, एक दिवस परतवाडा. बबनरावांचा मळा अचलपूरच्या पलीकडे. सकाळी फुलं तोडून सायकलवर पाटी ठेवून ते निघत, वाटेत अजीजभाईंकडून लॉक घेत, परतवाड्याला रतीब घालत जात आणि शेवटी भावाकडे लॉक देत. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मळ्यावर जाताना ते लॉक परत अचलपूरला पोचवत. पिना वाकू नयेत म्हणून अजीजभाई लॉक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दोरा बांधून देत.

हे कळल्यावर मी रागवायला हवं होतं. मी चहा घेतला आणि गप्प बसले. अख्ख्या दोन जिल्ह्यांत माझी प्रामाणिक गिऱ्हाइकं मोजून सात, त्यांतली ही दोन. त्यांनाही तोडलं तर मी विकायचं कोणाला?

मग कंपनीचं पत्र आलं. वऱ्हाडात विक्री का होत नाही हे बघायला पुण्याहून निखिल सर येणार होते. एजन्सी माझ्याकडे ठेवायची की काढून घ्यायची हे त्यांच्या अहवालावर ठरणार. माझं घर त्या एजन्सीवर चालत होतं. शिवाय खोटं कशाला बोलू, 'कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधी' असं छापलेलं कार्ड मला फार आवडायचं. अमरावतीत तेव्हा असं कार्ड असणारी मी एकटी बाई होते.

निखिल सर सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, पांढरा शर्ट, पायात बूट, पाठीवर सॅक. बोलायला इतके मऊ की रागावता येईना. तपासणीसाठी त्यांनी शुक्रवार निवडला होता. का, ते नंतर कळलं. शनिवार-रविवार त्यांना चिखलदरा बघायचं होतं. मी ठरवलं, त्यांना एसटीनं परतवाड्याला उतरवायचं, तिथून सरळ ऑटोत घालून अचलपूरला अजीजभाईंकडे न्यायचं, लॉक लावलेलं मशीन दाखवायचं आणि चिखलदऱ्याच्या गाडीत बसवून द्यायचं. अजीजभाईंना फोन करून सांगितलं, "शुक्रवारी काही झालं तरी लॉक अचलपूरलाच ठेवा."

"जी म्याडम," ते म्हणाले. ते 'जी' हो म्हणून नव्हतं, नुसतं ऐकलं म्हणून होतं.

परतवाड्याच्या स्टँडबाहेर आम्ही चहा घेतला. निखिल सरांचा कप हातात तसाच राहिला. समोर गुलाबरावांच्या प्रेसची पाटी होती आणि दारात नमुन्याच्या पत्रिका दोरीवर लटकवलेल्या. "मॅडम, ही अक्षरं आमची आहेत," ते म्हणाले. आईनं गर्दीत लेकरू ओळखावं तशी त्यांनी ती ओळखली. "हा 'श्री' मी स्वतः काढलाय. पण परतवाडा माझ्या यादीत नाही."

मी म्हटलं, सर, ऑटो थांबलाय. पण ते आत शिरलेही होते.

आत गुलाबराव डोक्याला हात लावून बसले होते. बाकावर एक बाई रिकामी थैली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या कौसाबाई, हिवरखेडहून दोन गाड्या बदलून आलेल्या. त्या साली कपाशीनं घरोघरची लग्नं अडवली होती, म्हणून परतवाड्याच्या मोठ्या मैदानावर सगळ्या जातिधर्मांचं सामुदायिक लग्न ठरलं होतं. कोणाचे फेरे, कोणाचा निकाह, कोणाची बुद्धवंदना, सगळं एकाच मांडवात. सगळ्या जोडप्यांची नावं असलेली एकच पत्रिका. मराठी मजकूर गुलाबरावांकडे, उर्दू अजीजभाईंकडे. कौसाबाईंची मुलगी त्या नवरीमुलींमध्ये होती. आठ दिवसांवर लग्न आणि त्यांच्या हातात एक पत्रिका नव्हती. "बिनपत्रिकेचं आवतन कसं द्याचं बाई?" त्या मला म्हणाल्या. "लोक म्हनतीन, पोरगी कोनाले न सांगता उजवली."

निखिल सर मशीनच्या मागे वाकले. "लॉक कुठे आहे?"

गुलाबरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "आज बारी आमचीच हाय साहेब. पन अजून फुलं आली नाईत."

"फुलं?"

"बबन येईन आता."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. निखिल सरांनी माझ्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बबनराव आले. सायकल लावली, रिकाम्या पाटीतून दोरा बांधलेली कागदाची पुडी काढून भावाच्या हातात दिली. गुलाबरावांनी ती निखिल सरांदेखत सोडली. आत चार झेंडू, दोन शेवंती, दूर्वा आणि बेलाचं पान.

मग बबनरावांनी खाली बसून घेतलं. "मेलो," ते म्हणाले. "कोनाच्या तरी पूजेत गेलं."

फोनवर कळलं की अजीजभाईंनी सकाळीच लॉक दिलं होतं. ते स्वतः लूनावर बसून आले, येताना परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला. मी दबक्या आवाजात विचारलं, "अजीजभाई, मी लॉक ठेवून घ्यायला सांगितलं होतं ना?" ते म्हणाले, "म्याडम, लग्नाचं काम होतं आन् बारी त्यायची होती. बारी मोडनं गुनाह हाय."

निखिल सरांना आता सगळं कळलं होतं. ते मऊ आवाजातच म्हणाले, "हे परवान्याच्या विरुद्ध आहे. एक लॉक दोन ठिकाणी वापरता येत नाही."

अजीजभाईंनी चष्मा लावला. हा माणूस मॅट्रिकही झालेला नव्हता, पण चाळीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर अक्षर-अक्षर वाचण्यात गेली होती. परवाना त्यांनी डिक्शनरी घेऊन पंधरा दिवसांत वाचला होता. समासात उर्दूत टिपणं होती. दोन्ही जिल्ह्यांत तो कागद पुरता वाचलेला हा एकटा माणूस. "साहेब, कलम चार. एका टाइमाले एकाच मशीनवर. आमचं दोन मशीनवर कधी चाललं? चालूच शकत नाई, लॉक तं एकच हाय. मशीन कोन्त्या गावात पाह्यजे, हे कुठी लिवलं?"

निखिल सरांनी कलम चार वाचलं. पुन्हा वाचलं. "पण परवानाधारक एकच हवा. व्यक्ती किंवा संस्था. कलम दोन."

"नाव पाहा ना." अजीजभाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. 'अजीजभाई व गुलाबराव.' माझं अक्षर.

"मॅडम, हे तुम्ही भरलंत?"

"हो."

"अटी वाचल्या होत्या?"

नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले होते की परवाना म्हणजे काय, तो किती महत्त्वाचा, तो न पाळणं कसं चुकीचं. समोर समासात टिपणं काढणारा अजीजभाई बसलेला. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. "नाही," मी म्हटलं.

गुलाबरावांनी हळूच माझी बाही ओढली. समोरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे बिनलॉकची चोरीची प्रत होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तासाभरात पत्रिका तयार झाली असती. मला वाटलं, आता हे तेच सुचवणार. ते कुजबुजले, "म्याडम, समोरचा मघापासून बलावून राहिला. जाऊ नोका देऊ मले. आपली बारी हाय, चोरी काऊन करू?"

मग आम्ही लॉक शोधायला निघालो. बबनराव पुढे, मी, निखिल सर सॅकसकट, मागे अजीजभाई लूना ढकलत. कौसाबाईही थैली घेऊन आल्या. रतीबाची घरं तेवीस. प्रत्येक दारात बबनराव विचारत, "आज फुलाच्या पुडीत काळं काई आलं का?" एका घरी मुंगळा आला होता. एका घरी बाईंनी मागच्या महिन्यातल्या किडक्या झेंडूंची तक्रार काढली आणि निखिल सरच माळी आहेत असं समजून त्यांना पाच मिनिटं झापलं. ते 'सॉरी, पुढच्या वेळी बघतो' म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा मला तो मुलगा आवडला.

सतराव्या घरी लॉक सापडलं. वत्सलाबाईंची खानावळ. भक्कम आवाजाची बाई, चाळीस माणसांना रोज जेवू घालणारी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा. त्यात बाळकृष्णाच्या शेजारी आमचं लॉक उभं होतं, पिनांच्या तोंडावर हळद-कुंकू, डोक्यावर तुळशीचं पान.

"हे तुम्ही देवात का ठेवलं?" निखिल सरांनी विचारलं.

"देवाच्या पुडीत आलं, देवाले वाह्यलं. मले काय माईत काय हाय ते? यंत्र असतात ना तसं कोन्तं तरी यंत्र असन."

"ते आमच्या कंपनीच्या मालकीचं आहे."

वत्सलाबाईंनी पदर खोचला. "पोरा, वाह्यलेली वस्तू देवाची असते. उचलून देत नाई मी."

मी पुढे झाले. माझा नऊ वर्षांचा धंदा एका वाक्यात आणून म्हटलं, "वत्सलाबाई, हे कोणी कोणाला देऊन टाकलेलं नसतं. हे फक्त वापरायला दिलेलं असतं. मालक वेगळा."

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "देव वापरून राहिला."

अजीजभाई मोठ्यानं हसले. ते म्हणाले, "साहेब, कलम चार. एका टाइमाले एकाच ठिकानी." निखिल सरांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात कौसाबाई पुढे आल्या. त्यांनी भांडण केलं नाही, विनवणी केली नाही. देव्हाऱ्यापुढे बसल्या, नमस्कार केला आणि सांगितलं, "माह्या पोरीची पत्रिका याच्यावाचून छापत नाई म्हनतात. शिल्पा नाव हाय तिचं."

वत्सलाबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी पूजा होईन, तवा आजची फुलं निर्माल्य होतीन. निर्माल्य देवाचं नसते, तवा ते बी घेऊन जा. त्याच्या आंधी नाई. आन् तुमी आता कुठी जाता हिवरखेडले? अथीच राहा. जेवा."

अशी त्या दिवसाची बारी देवाची ठरली.

निखिल सरांचं चिखलदरा बुडालं. ते परतवाड्याच्या लॉजवर राहिले. सकाळी आम्ही खानावळीत पोचलो तेव्हा पूजा आटोपली होती. वत्सलाबाईंनी लॉक माझ्या नाही, निखिल सरांच्याही नाही, कौसाबाईंच्या पदरात घातलं. त्या पदराला गाठ मारून प्रेसपर्यंत चालत आल्या.

लॉक लावलं. चौकट आली : 'लॉक सापडत नाही.' पिनांमध्ये हळद गच्च बसली होती. निखिल सर म्हणाले, कंपनीकडून नवीन यायला दहा दिवस लागतील. लग्न सातव्या दिवशी. मी घड्याळजीकडून बारीक ब्रश आणला, गुलाबरावांनी शाई धुवायचं पेट्रोल दिलं, आणि मी एकेक पीन घासायला बसले. पंचवीस पिना. पुन्हा लावलं, पुन्हा चौकट. तिसऱ्यांदा निखिल सरांनी ब्रश माझ्या हातातून घेतला, बूट काढून मांडी घातली आणि स्वतः घासलं. चौथ्यांदा सॉफ्टवेअर उघडलं. बबनराव सायकलची घंटी वाजवू लागले.

दुपारी पत्रिकेचं पहिलं पान निघालं. वर तो 'श्री', खाली जोडप्यांची नावं, शेजारी अजीजभाईंच्या हातचा उर्दू मजकूर चिकटवलेला. कौसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "माही शिल्पा कुठी हाय?" निखिल सरांनी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. शाई ओली होती, अंगठ्याला लागली. त्यांनी ती पुसली नाही.

स्टँडवर निखिल सर मला म्हणाले, "मॅडम, अहवालात हे लिहिलं तर एजन्सी जाईल. चुकीच्या नावावर परवाना, दोन गावांत वापर, आणि एक दिवस..." त्यांनी सॅक पाठीवर चढवली. "मी फक्त विक्री कमी आहे एवढंच लिहू शकतो."

खरं सांगते, मला 'लिहा तसं' म्हणावंसं वाटलं. माझं घर, माझं ते कार्ड. पण अजीजभाईंनी समासात टिपणं काढून परवाना पाळला होता, गुलाबरावांनी समोर चोरीची प्रत असताना फुलांची वाट पाहिली होती. म्हटलं, "सर, नऊ वर्षं मी लोकांना खोट्या प्रती वापरू नका म्हणून सांगते आहे. माझ्यासाठी खोटा अहवाल नको. फक्त एवढं करा, त्या दोघांचा परवाना राहू द्या. चूक फॉर्म भरणाऱ्याची आहे."

त्यांनी तसंच केलं. महिन्याभरात दोन ओळींचं पत्र आलं आणि एजन्सी गेली. त्याच पाकिटात अजीजभाई व गुलाबराव यांच्या नावानं दुरुस्त केलेला परवाना होता. 'ठिकाण' या रकान्यात 'अचलपूर-परतवाडा' असं टाइप केलेलं. मी रडले, मग तो कागद पोचवायला अचलपूरची एसटी पकडली.

पुढे मी मशीनं दुरुस्त केली, क्लास घेतले, पोरींना टायपिंग शिकवलं. खूप नंतर मला कळलं की ज्यांच्या परवान्यातच 'नक्कल करा, वाटा, शेजाऱ्याला द्या' असं लिहिलेलं असतं अशीही सॉफ्टवेअरं जगात आहेत. मुक्त म्हणतात त्यांना. तोवर मी 'फुकट' या शब्दावर इतकी चिडलेली होते की त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कित्येक प्रेसवाल्यांना चोरी करावी लागली नसती. ही खंत आहे. शिकवण्याच्या नादात वाचायचं राहून गेलं.

ते सॉफ्टवेअर आता बंद पडलं. नव्या कॉम्प्युटरला मागे ती पिनांची जागाच नसते. पत्रिका मोबाइलवर येतात. अजीजभाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गुलाबरावांचा प्रेस सुनेनं फ्लेक्सचा केला. लॉक मात्र आहे. दर दसऱ्याला त्याची बारी बदलते, एक वर्ष अचलपूर, एक वर्ष परतवाडा, हे मला ऐकून माहीत होतं.

गेल्या दसऱ्याला सकाळी दाराची बेल वाजली. बबनराव, केस पूर्ण पांढरे, अमरावतीपर्यंत एसटीनं आलेले. त्यांनी दोरा बांधलेली कागदाची पुडी माझ्या हातात दिली. सोडली तर चार झेंडू, दोन शेवंती आणि लॉक.

"दोघायनं सांगतलं, यंदा बारी तुमची," ते म्हणाले. मग बसायच्या आधीच त्यांनी बजावलं : पुढच्या दसऱ्याला परत द्यायचं. कोणाला उसनं द्यायचं नाही. आणि पिनांना हळद लावायची नाही.

या वेळी मी सगळ्या अटी नीट ऐकून घेतल्या.